दरमहा पाचशे रुपये, पण योग्य जागी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी छोट्या देणगीचं मार्गदर्शन

बहुतेक संस्थांकडे देणग्यांचा ओघ वर्षातून दोनदा येतो. एकदा दसरा-दिवाळीला आणि एकदा मार्चअखेरीला, कर वाचवण्याच्या घाईत. खर्चाला मात्र हंगाम नसतो. बालवाडीच्या ताईंचं मानधन, खोलीचं भाडं, गॅस, विजेचं बिल, मुलांना आणायला-सोडायला ठेवलेल्या रिक्षाचे पैसे हे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावेच लागतात. म्हणून वर्षातून एकदा दिलेल्या सहा हजारांपेक्षा दरमहा येणारे पाचशे रुपये संस्थेच्या जास्त कामाला येतात. रक्कम तीच, पण पुढच्या महिन्यातही ती येणार हे माहीत असतं आणि त्या भरवशावर एखादा माणूस कामावर ठेवता येतो. असे चाळीस देणगीदार जमले की महिन्याला वीस हजार रुपये पक्के होतात.

महिन्याला शंभर ते दोन हजार रुपये देऊ शकणाऱ्या, नोकरी-धंदा सांभाळून हे काम नीट करू इच्छिणाऱ्या माणसासाठी ही माहिती आहे.

आधी रक्कम

उत्साहाच्या दिवशी आकडा ठरवू नका. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा आणि त्यातल्या सर्वांत ओढाताणीच्या महिन्यातही जी रक्कम देता आली असती, ती ठरवा. मुलांची शाळेची फी, गणपतीला गावी जाणं, इमारतीच्या दुरुस्तीचा हप्ता हे सगळं आलं तरी बंद करावी लागणार नाही अशी ती हवी. दोन हजारांनी सुरू करून चौथ्या महिन्यात थांबण्यापेक्षा तीनशे रुपयांनी सुरू करून तीन वर्षं चालवणं केव्हाही चांगलं.

त्या रकमेचे दोन भाग करा. समजा महिन्याला आठशे रुपये शक्य आहेत. त्यातले पाचशे एका संस्थेला नियमित द्या आणि तीनशे बाजूला ठेवा. वर्षाला हे ३,६०० रुपये होतात. पूर, दरड, ओळखीतलं आजारपण, मंडळाची वर्गणी, ऑफिसात फिरणारं पाकीट हे सगळं यातूनच भागवायचं. हा दुसरा भाग नसला की प्रत्येक नव्या आवाहनाला नियमित देणगी मोडली जाते, किंवा नाही म्हणताना मन खात राहतं.

पाचशे रुपये पाच संस्थांना शंभर-शंभर वाटण्याचा मोह होतो. तो टाळा. प्रत्येक देणगीची पावती करणं, ती पाठवणं, हिशेबात आणि आयकराच्या विवरणात नोंदवणं हे काम संस्थेला करावंच लागतं, मग रक्कम कितीही असो. शिवाय पाच संस्थांवर लक्ष ठेवणं तुम्हालाही जमणार नाही. एक संस्था पुरे, फार तर दोन.

कुठल्या कामाला द्यायचं

आमचा आग्रह आहे की निदान पहिली संस्था स्वतः जाऊन पाहता येईल इतक्या अंतरावरची निवडावी. या भागात त्याला तोटा नाही. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा भरते. येऊरला आदिवासी पाडे आहेत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्या-पाड्यांवर आरोग्य, पाणी आणि शिक्षणाचं काम करणारे गट आहेत. पनवेलजवळ नेऱ्याला शांतीवन आहे, जिथलं मूळ काम कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचं. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं कर्करोगावरील उपचार-संशोधनाचं केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे आणि तिथे उपचारांसाठी देशभरातून माणसं येतात. १८९३ साली सुरू झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही लोकवर्गणीवर वाढलेल्या कामांच्याच परंपरेतलं आहे. ही नावं शिफारस म्हणून दिलेली नाहीत. कामाचे किती प्रकार लोकल आणि एसटीच्या टप्प्यात आहेत, हे लक्षात यावं म्हणून दिली आहेत. तपासणी यांचीही तितकीच करायची.

मोठ्या, देशभर नाव असलेल्या संस्थेला द्यायला हरकत काहीच नाही. पण तिच्या कोट्यवधींच्या अंदाजपत्रकात तुमच्या पाचशेंचा फरक पडत नाही. वर्षाला दहा-पंधरा लाखांत काम चालवणाऱ्या संस्थेत तो पडतो. अट एकच, तिचे कागद स्वच्छ हवेत.

तपासणी: एक तास कागदांना, अर्धा दिवस भेटीला

महाराष्ट्रात सेवाभावी संस्था साधारण तीन रूपांत दिसतात: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला न्यास; १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था, जी बहुधा १९५० च्या कायद्याखालीही नोंदलेली असते; आणि कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. पहिल्या दोन प्रकारांत नोंदणी क्रमांक ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा आणि शेवटी कंसात जिल्हा असलेला दिसतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. वाशी, ऐरोली, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. त्यामुळे खारघरच्या संस्थेच्या क्रमांकापुढे रायगड दिसलं तर त्यात खटकण्यासारखं काही नाही. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून नोंदणीकृत न्यास शोधता येतो. तिथलं नाव, पावतीवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. ‘फाउंडेशन’च्या जागी ‘ट्रस्ट’ एवढाही फरक असेल तर विचारा, कारण मिळत्याजुळत्या नावांच्या संस्था पुष्कळ आहेत.

संस्थेचा पॅन क्रमांक मागा आणि त्याचं चौथं अक्षर बघा. न्यासाचं ‘टी’ असतं, व्यक्तींच्या मंडळाचं ‘ए’, कंपनीचं ‘सी’. तिथे ‘पी’ असेल तर तो एका व्यक्तीचा पॅन आहे आणि पैसे संस्थेला नव्हे, त्या माणसाला जाणार आहेत. दोन सेकंदांत होणारी ही तपासणी बहुतेक जण करत नाहीत.

आयकर विभागाकडच्या दोन नोंदण्या वेगळ्या असतात. १२-ए (आता १२-एबी) मुळे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते. ८०-जी मुळे देणगीदाराला मिळते. पहिली असून दुसरी नसणं शक्य आहे. २०२१ नंतर या नोंदण्या कायमच्या राहिलेल्या नाहीत. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती आणि मग ठरावीक मुदतीची नोंदणी मिळते. म्हणून ‘आमच्याकडे ८०-जी आहे’ या वाक्यावर थांबू नका, प्रमाणपत्रावरची मुदत कधी संपते ते पाहा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक असणं चांगलं, पण ती केवळ नोंद आहे. संस्था चांगली असल्याचा तो दाखला नव्हे.

आता हिशेब. गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. न्यासांचे हिशेब ठरलेल्या नमुन्यात असतात: परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. दोन पानांचं काम आहे, घाबरण्यासारखं काही नाही. उत्पन्न-खर्चात ‘न्यासाच्या उद्देशांवरील खर्च’ हा भाग आधी बघा. जी संस्था शिक्षणाचं काम सांगते, तिचा खर्च शिक्षणाच्या ओळीत दिसायला हवा. मग ‘विश्वस्तांचं मानधन’ ही ओळ बघा. बहुतेक चांगल्या संस्थांत ती रिकामी असते. रिकामी नसेल तर कारण विचारा. ताळेबंदात मुदतठेवींची रक्कम वर्षभराच्या खर्चाच्या कित्येक पट असेल, तर तुमच्या पाचशेंची गरज दुसरीकडे अधिक आहे.

एका बाबतीत मात्र देणगीदारांनी आपली समजूत बदलायला हवी. ‘माझा रुपयान् रुपया मुलांपर्यंत पोचला पाहिजे, पगारावर खर्च नको’ ही अट ऐकायला चोख वाटते, पण तिने कामाचंच नुकसान होतं. मतिमंद मुलांच्या शाळेत विशेष शिक्षिका हेच काम आहे, तिचा पगार हा ‘वरखर्च’ नाही. हिशेबात शिक्षकांचे पगार कधी उद्देशांच्या खर्चात दिसतात, कधी आस्थापना खर्चात. त्यामुळे नुसती टक्केवारी काढून निकाल देऊ नका. आस्थापनेत कोण कोण धरलंय ते विचारा. आणि पैसे देताना शक्यतो ‘सर्वसाधारण निधीसाठी’ असंच लिहा. वह्यांसाठी, खाऊसाठी, वाढदिवसाच्या जेवणासाठी बांधून पैसे देणारे भरपूर भेटतात. भाड्यासाठी आणि हिशेबनिसाच्या मानधनासाठी देणारे भेटत नाहीत, आणि संस्था बंद पडतात त्या तिथेच.

कागद पाहून झाले की फोन करा. हे चार प्रश्न पुरेसे आहेत:

१. गेल्या वर्षी नेमक्या किती जणांसाठी काम झालं आणि त्यातलं काय जमलं नाही?
२. दर महिन्याचा ठरलेला खर्च किती, आणि त्यातला किती नियमित देणग्यांतून येतो?
३. विश्वस्त कोण आहेत आणि एकाच घरातले किती?
४. पावती आणि वर्षअखेरचं आयकर प्रमाणपत्र कोण पाठवतं?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून सर्वांत जास्त कळतं. काम करणारा माणूस अडचणी तपशिलाने सांगतो: अमुक पाड्यावर शिक्षिका टिकत नाही, पावसात रस्ता बंद होतो. सगळं छान चाललंय एवढंच उत्तर आलं, तर आणखी दोन प्रश्न विचारा.

भेटीला जाताना आधी वेळ ठरवा, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा टाळा. खाऊचे पुडे घेऊन जाण्याची सक्ती नाही. मुलांना उचलून घेणं, त्यांच्यासोबत सेल्फी, ‘आई-बाबा कुठे असतात’ असले प्रश्न हे काही करायचं नाही. बालगृहात तर आणखी जपा. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला याच कायद्याची मनाई आहे. म्हणूनच बालगृहातल्या मुलांचे चेहरे, नावं आणि त्यांच्यावर ओढवलेले प्रसंग पोस्टरवर छापून पैसे मागणारी संस्था दिसली, तर ती कायदा पाळत नाही एवढं नक्की समजा. भेटीत स्वयंपाकघर, संडास आणि औषधांचं कपाट बघू द्याल का, असं नम्रपणे विचारा. सजवलेल्या हॉलपेक्षा या तीन जागा खरं सांगतात.

पैसे पाठवणं

छोट्या रकमेला यूपीआय किंवा एनईएफटी हेच मार्ग बरे. क्रेडिट कार्डाने संस्थेच्या संकेतस्थळावरून दिलं तर पेमेंट गेटवेचा आकार साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा कापला जातो. म्हणजे पाचशेतले अकरा-बारा रुपये वाटेतच जातात. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटीला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही.

नियमित देणगीचे दोन रस्ते आहेत. संस्थेकडे यूपीआय ऑटोपेची सोय असेल तर तिच्या पानावरून रक्कम, तारीख आणि मुदत ठरवून एकदाच पिन टाकून मंजुरी द्या. पंधरा हजारांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही आणि पैसे कापले जाण्याआधी तशी सूचना येते. मुदत ‘रद्द करेपर्यंत’ अशी न ठेवता एक वर्ष ठेवा, म्हणजे वर्षाने पुन्हा विचार होतो. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचा भाग असतो. चालू असलेल्या मंजुऱ्या तिथे दिसतात आणि तिथूनच थांबवता येतात.

लहान संस्थांकडे बहुधा ही सोय नसते. मग नेटबँकिंगमध्ये संस्थेचं खातं जोडा. खाते क्रमांक आणि अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड संस्थेच्या लेटरहेडवरून किंवा रद्द केलेल्या चेकवरून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे आलेल्या चित्रावरून नको. खातं जोडताना बँक खातेदाराचं नाव दाखवते, ते वाचा. आधी दहा रुपये पाठवून संस्थेला फोन करून पोचल्याची खात्री करा, आणि मगच दर महिन्याच्या ५ तारखेला पाचशे रुपये जातील अशी स्थायी सूचना द्या. १ तारीख ठेवली आणि पगार उशिरा झाला की हप्ता फसतो.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव येतं. देणगीपेटीवर, मंडपात, रुग्णालयाच्या भिंतीवर चिकटवलेल्या कोडवर दुसऱ्याच कुणाचा स्टिकर असू शकतो, म्हणून ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. ‘चुकून जास्त आले, परत करतो, फक्त पिन टाका’ असं सांगणारा माणूस चोर आहे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासाभरात तक्रार गेली तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

पैसे गेले की त्याच दिवशी संस्थेला एक संदेश किंवा ईमेल करा: पूर्ण नाव, पत्ता, पॅन, तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. संस्थेच्या खात्यात फक्त पाचशे रुपये जमा दिसतात, कुणाचे ते कळत नाही. पावती न मिळाल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. आधार कार्डाची प्रत मात्र पाठवू नका, पॅन पुरतो.

पावती आणि करसवलत

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे सगळ्यांच्या तोंडी असलेले जुने क्रमांकच वापरले आहेत.

सर्वांत आधी स्वतःची करप्रणाली पाहा. नव्या करप्रणालीत ८०-जीची सवलत मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून तुम्ही वेगळा पर्याय निवडला नाही तर नवीच प्रणाली लागू होते. नोकरदारांपैकी पुष्कळांना ही सवलत आता लागूच नाही, तरी ‘८०-जी आहे’ एवढ्यावर ते संस्था निवडतात. जुन्या प्रणालीत असलात तरी आकडा समजून घ्या. बहुतेक खासगी न्यासांच्या देणगीवर ५० टक्के वजावट मिळते. वर्षाला ६,००० दिले तर ३,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ६२४ रुपये कर वाचतो, ३० टक्क्यांच्या टप्प्यात ९३६. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिलेल्या रकमेवर वजावट १०० टक्के असते. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर त्या देणगीवर वजावट नाही. धान्य, कपडे, औषधं अशा वस्तूंवरही नाही.

पावतीवर संस्थेचं नाव-पत्ता, पॅन, ८०-जी नोंदणी क्रमांक, तुमचं नाव, पॅन, रक्कम, तारीख आणि पैसे कसे दिले हे सगळं हवं. पण नुसत्या पावतीवर भागत नाही. संस्थेला ३१ मेपर्यंत वर्षभराच्या देणग्यांचं विवरण १०-बीडी नमुन्यात भरून तुम्हाला १०-बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते आलं नाही तर आठवण करा. जुलैअखेरीला विवरणपत्र भरताना धावाधाव करून उपयोग नसतो. नवरा-बायको दोघं कमावते असतील तर ज्याचं खातं त्याचाच पॅन द्या. एकाच्या खात्यातून पैसे आणि दुसऱ्याच्या नावाने पावती, असं करू नका.

‘कायम निधी’साठी देणगी मागितली तर अर्थ समजून घ्या. ती मुद्दल खर्च होत नाही, फक्त व्याज वापरलं जातं. सात टक्के व्याज धरलं तर दहा हजारांवर वर्षाला सातशे रुपये. आईवडिलांच्या स्मरणार्थ दरवर्षी एक दिवसाचं जेवण, असं काही हवं असेल तर हा मार्ग ठीक. मात्र ‘कायम निधीसाठी’ असं लेखी द्यावं लागतं. आज अडचणीत असलेल्या लहान संस्थेला हातात खेळणारा पैसाच जास्त लागतो.

आजारपणाची आवाहनं

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी आवाहनं यात सर्वांत जास्त, आणि मन हेलावणारीही तीच. त्यातली बरीच खरी असतात. पण खऱ्या आवाहनातसुद्धा पैसे देण्याआधी रुग्णाला फुकट मिळू शकणारं मिळालंय का, हे विचारणं ही मोठी मदत ठरते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. अनेक पंचतारांकित दिसणारी रुग्णालयंही न्यासाचीच असतात, आणि नातेवाइकांना ते माहीत नसतं. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका तयार ठेवा, मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्षाचा अर्ज भरा. हे सांगणारा माणूस पाचशे रुपये देणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जातो. अर्ज भरायला सोबत गेलात तर उत्तमच.

पैसे द्यायचेच असतील तर रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक आणि विभाग विचारा, रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर फोन करून समाजसेवा विभागाकडून खातरजमा करा, आणि शक्य तिथे रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात, त्या रुग्णाच्या क्रमांकावर भरा. संदेशावर तारीख नसेल तर सावध व्हा. उपचार संपून वर्षं उलटलेली आवाहनंही फिरत राहतात. ऑनलाइन निधी संकलनाच्या पानावर पैसे देताना ‘टिप’ म्हणून काही टक्के आधीच भरलेले असू शकतात. तो आकडा बदलता येतो, शून्यही करता येतो. व्यक्तीच्या उपचारांसाठी दिलेल्या मदतीवर सहसा ८०-जी मिळत नाही, त्या अपेक्षेने देऊ नका.

वस्तू द्यायच्या असतील तर

आधी फोन, मग खरेदी. दिवाळीत वृद्धाश्रमात फराळाचे डबे उतू जातात आणि मे महिन्यात धुण्याची पावडर संपलेली असते. वृद्धाश्रमांना प्रौढांचे डायपर लागतात. माप विचारूनच घ्या, सगळ्यांना एकच माप चालत नाही. चाळीस जणांच्या एका जेवणाला साधारण चार किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ लागते. वाशीच्या बाजार समितीतून घाऊक घेतलं तर स्वस्त पडतं. पण त्याहून सोपं म्हणजे संस्था ज्या किराणा दुकानातून उधारीवर घेते, तिथलं बिल चुकवणं.

शाळेच्या साहित्यात पाठ्यपुस्तकं देऊ नका, सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ती मोफत मिळतात. वह्या लागतात, मुलामागे साधारण सहा ते आठ. पहिली-दुसरीला चौकटीच्या आणि दुरेघी, पुढे एकरेघी. मागणी मे महिन्यातच विचारून ठेवा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळा सुरू झाल्यावर दुकानांत गर्दीही असते आणि भावही चढलेले. मुरबाड-शहापूरच्या बाजूला पांघरुणं द्यायची तर ती दिवाळीआधी पोचायला हवीत.

जुने कपडे धुतलेले, बटणं-चेन शाबूत असलेले असावेत. आतले कपडे फक्त नवे. पूर-दरडीच्या वेळी जुने कपडे पाठवूच नका. जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणला पूर आला, जुलै २०२३ मध्ये खालापूरजवळ इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा प्रत्येक वेळी ओल्या जागेत कपडे निवडायला आणि ठेवायलाच माणसं अडकतात. तिथे पहिल्या आठवड्यात पैसे पाठवा, आणि थोडे दोन महिन्यांनी, मदत ओसरल्यावर. औषधं फक्त डॉक्टर असलेल्या केंद्रालाच द्या. न कापलेली पट्टी, वाचता येणारा बॅच क्रमांक आणि निदान सहा महिन्यांची मुदत या तिन्ही गोष्टी हव्यात.

दारात, सिग्नलला, सोसायटीत

दारावर पावतीपुस्तक घेऊन आलेल्याला नोंदणी क्रमांक विचारा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं ती काढतात, आणि प्रत मागितली तर चांगलं मंडळ आनंदाने दाखवतं. सिग्नलवर मुलाच्या हातात पैसे ठेवू नका. ते मूल त्या जागी उभं राहण्याचं कारण तेच पैसे असतात. मूल एकटं, आजारी किंवा कुणाच्या धाकात दिसलं तर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

सोसायटीत मिळून देणं फार परिणामकारक होतं. वीस घरांनी दोनशे दिले तर महिन्याला चार हजार. एकाच्या खात्यात गोळा करून पाठवू नका. तसं केलं तर प्रमाणपत्र त्या एकाच्याच नावाने येतं, आणि पुढे हिशेबावरून कुरबुरी सुरू होतात. प्रत्येक घराने थेट संस्थेच्या खात्यात भरावं आणि समन्वयकाने फक्त तारखेची आठवण करून यादी ठेवावी. वर्षातून एकदा संस्थेच्या कार्यकर्त्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये बोलवा, प्रश्न विचारा. समन्वयक दरवर्षी बदला.

वर्षानंतर

वर्षाच्या शेवटी संस्थेचा अहवाल आणि नवे हिशेब मागवा, आणि मागच्यांशी ताडून बघा: विश्वस्त बदलले का, मुलांची किंवा रुग्णांची संख्या कमी का झाली. दर आठवड्याला फोटो आणि व्हिडिओ मात्र मागू नका, त्यात कार्यकर्त्यांचे तास जातात. पावत्या महिनोन्महिने येत नसतील किंवा हिशेब द्यायला टाळाटाळ होत असेल तर लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर देणगी थांबवा. पैशांच्या अफरातफरीचा पुरावा असेल तर तक्रार त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे करता येते.

तुमच्याच अडचणीमुळे थांबायचं असेल, तर निदान एक महिना आधी खजिनदाराला कळवा. रक्कम पाचशेवरून दोनशेवर आणता आली तर तेही सांगा, बंद होण्यापेक्षा ते बरं. त्यानंतर स्थायी सूचना किंवा ऑटोपे रद्द करा, रद्द झाल्याचा बँकेचा संदेश आला का ते पाहा, आणि त्या वर्षात दिलेल्या महिन्यांचं १०-बीई प्रमाणपत्र पुढच्या मेअखेरीला मागून घ्या.